शाळा, अपडाऊन आणि प्लॉटचे भाव : तालुक्याला घर घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी विदर्भातल्या एका तहसील कार्यालयासमोर बसून दस्त लिहितो, म्हणजे अर्जनवीस. खरेदीखत, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते. कापूस विकला गेला की लोक प्लॉटच्या गोष्टी काढतात आणि दहातल्या बऱ्याच जणांचं कारण एकच असतं, पोरांची शाळा. त्यांचे जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण पैसे तिथेच बुडतात.

भाऊ, आमच्या घराले कोणती शाळा लागते? शाळेची हद्द असते म्हणतात, ते खरं का?

आपल्याकडे तशी हद्द नाही. जिल्हा परिषदेची शाळा तुमच्या गावची नसली तरी मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ चा. त्यात पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतर आहे, पण ते बंधन सरकारवर आहे. तेवढ्या अंतरात शाळा देणं त्यांचं काम. तुम्ही लेकराला तिथेच शिकवलं पाहिजे असं नाही.

हद्दीची गोष्ट अमेरिकेतून येते. तिथे बऱ्याच ठिकाणी सरकारी शाळेला पत्त्यावरून प्रवेश मिळतो. रस्त्याच्या या बाजूचं घर एका शाळेचं, त्या बाजूचं दुसरीचं. मॅसॅच्युसेट्स राज्यात सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली अशाच हद्दरेषेच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून पाहिली. शाळेच्या परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात, असं त्यांना दिसलं. घरं सारखी, रस्ता सारखा, फरक फक्त शाळेचा, म्हणून तो हिशेब पटण्यासारखा आहे. पण तो हिशेब उचलून दारव्हा किंवा ब्रह्मपुरीला लावता येत नाही, कारण इथे ती रेषाच नाही.

मंग शाळेमुळे इथं भाव वाढतच नाही का?

वाढतो, पण वेगळ्या रस्त्यानं. आपल्याकडे शाळेची रेषा नसते, शाळेच्या गाडीची रेषा असते. कॉन्व्हेंटची पिवळी बस ज्या कोपऱ्यापर्यंत येते, तिथपर्यंतच्या खोल्यांना एक भाडं आणि नाल्यापलीकडे जिथे ती वळत नाही तिथे दुसरं. (आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती कुण्या आमदाराच्या संस्थेची का असेना.) २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आल्यानंतर अशा शाळा तालुक्याच्या बाहेरच्या अंगाला, बायपासजवळ, स्वस्त जमिनीवर उभ्या राहिल्या. त्यांच्या आजूबाजूला ले-आउट पडले, म्हणजे शेताचे प्लॉट पाडले गेले. आधी शाळा, मग ले-आउट, मग किराणा दुकान आणि शेवटी नाली, ती आली तर.

दुसरा रस्ता मास्तर लोकांचा. तालुक्यातल्या कोणत्या भागात घर महाग आहे हे ओळखायची माझी साधी रीत आहे : जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँकेची मंडळी कुठे राहतात ते बघा. मुख्यालयी राहायचा नियम आहे, घरभाडं भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, तो ठराव मिळतोही. आणि संध्याकाळी साडेपाचला सगळ्या मोटारसायकली तालुक्याच्या दिशेनं निघतात. दर महिन्याला पगार येणारी माणसं, कर्ज मिळणारी माणसं. नवरा-बायको दोघेही शिक्षक असतील तर त्यांना दोन वेगवेगळ्या गावांना अपडाऊन जमेल अशी मधली जागा हवी असते आणि स्वतःच्या लेकरांना चांगली शाळा. ती मधली जागा जिथे पडते तिथे भाव चढतो. शेतकऱ्याला वाटतं शाळेमुळे महाग झालं. खरं म्हणजे शाळेपेक्षा पगारानं महाग केलेलं असतं.

आणि एक फरक लक्षात ठेवा. शाळेचा परिणाम भाड्यावर लगेच दिसतो, विक्रीच्या भावावर उशिरा आणि कमी. प्लॉटचा भाव अफवेवर जास्त चालतो.

आरटीईच्या २५ टक्क्यांत नंबर लागावा म्हणून शाळेजवळ राहायला जावं का?

हीच एक जागा आहे जिथे आपल्याकडे अंतराला खरी किंमत आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. ऑनलाइन अर्ज करताना नकाशावर घराची खूण करावी लागते, जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात आणि सोडतीत आधी १ किलोमीटरच्या आतले अर्ज, मग १ ते ३ किलोमीटरचे, उरल्या तर त्यापुढचे. चौदा किलोमीटरवरच्या गावातून भरलेल्या अर्जाला मागणी असलेल्या शाळेत संधी कमीच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला होता. १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. अजूनही काही लोक 'ते बंद झालं ना जी?' असं विचारत येतात. बंद झालेलं नाही.

पण यासाठी घर विकत घेऊ नका. सोडत म्हणजे सोडत. शाळेच्या भिंतीला भिंत लावून राहिलात तरी नंबर लागेलच असं नाही. भाड्यानं राहून पत्ता दाखवता येतो आणि तेवढं पुरतं. खरोखर राहत असाल तर. नुसता पत्ता दाखवून प्रवेश घेतला आणि पडताळणीत निघालं की प्रवेश रद्द होतो, मग मधल्या वर्षी लेकराला घेऊन दारोदार फिरावं लागतं.

घरमालकानं ५०० च्या स्टॅम्पवर लिहून दिलं आहे. चालते ना?

आरटीईच्या पत्त्यासाठी चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार पाहिजे, ११ महिने किंवा जास्तीचा आणि अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा. घरमालक नोंदणीला नाही म्हणतात, कारण 'भाडेकरू मालक होऊन बसते' ही जुनी भीती. त्यांना समजावून सांगा की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे, आणि 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीच्या नोंदणीकृत करारात मालकाची बाजू उलट जास्त पक्की राहते. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि नगरपरिषद हद्दीत १००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. एवढ्या खर्चाकडे बघून लोक लेकराच्या आठ वर्षांच्या फीवर पाणी सोडतात, हे मी दर जानेवारीत बघतो.

पोरगी तिसरीत आहे. तालुक्याले शिफ्ट झालो तर नवोदयचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि विचारायला पाहिजे सगळ्यांनी. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. त्या कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेतच पूर्ण झालेली पाहिजे. यातला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तरी उमेदवार शहरी धरला जातो.

आता बघा काय होतं. बाप चांगल्या मनानं गावची जिल्हा परिषद शाळा सोडवतो, पोरीला नगरपंचायत हद्दीतल्या कॉन्व्हेंटमध्ये चौथीत टाकतो, तिथे नवोदयची तयारी चांगली करून घेतात म्हणून. तयारी चांगली होते, कोटा जातो. सेलूकाटे, घोट, शेगाव, नवेगाव खैरी, कुठलंही नवोदय घ्या, नियम तोच. २०१४-१५ च्या सुमारास आपल्याकडच्या बऱ्याच तालुक्यांच्या गावांची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. 'आमचं तर खेडंच आहे' असं म्हणून चालत नाही, कागदावर काय आहे ते बघावं लागतं. तुमचं घर कुठे आहे यापेक्षा शाळा कुठे आहे हे इथे महत्त्वाचं. घर तालुक्याला आणि शाळा हद्दीबाहेरच्या गावची, असंही करता येतं. पोरगी हुशार असेल आणि नवोदयचा विचार असेल तर पाचवी होईपर्यंत शाळा हलवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या गावात कॉन्व्हेंटची गाडी येते. मंग तालुक्याले घर कायले घ्याचं?

बरोबर विचारता. हिशेब करू. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे टाका.

गाव तालुक्यापासून १४ किलोमीटर. दोन लेकरं, गाडीचे प्रत्येकी १,२०० रुपये धरले तर महिन्याला २,४०० आणि दहा महिन्यांचे २४,०००. हा गावात राहून होणारा खर्च.

तालुक्याला दोन खोल्या केल्या, भाडं ४,०००. गाडीचे पैसे वाचले, पण शेत गावात आहे, म्हणजे आता अपडाऊन तुमच्या नशिबी. रोज २८ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, ७२८ किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दीड हजार. भाडं मिळून साडेपाच हजार, वर्षाचे ६६,०००.

तिसरा मार्ग विकतचा. ३० बाय ५० चा, म्हणजे १,५०० चौरस फुटांचा प्लॉट, ६०० रुपये फुटानं ९ लाख. त्यावर १२ लाखांचं साधं घर. घरचे ६ लाख घालून १५ लाख कर्ज काढलं, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता साडेतेरा हजाराच्या आसपास. लेकरू पहिलीत असेल तर ते बारावी होऊन बाहेर पडल्यावरही आठ वर्षं हप्ता चालू राहील.

या हिशेबात न बसणारी गोष्ट म्हणजे जागल, रात्रीची राखण. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) रात्रीच पिकात शिरतात, शेतीच्या पंपाची लाईनही बऱ्याच ठिकाणी पाळीनं रात्रीच मिळते. तालुक्याला राहणारा माणूस हरभऱ्याची जागल कशी करणार? म्हणून आपल्याकडे घरं अशी फाटतात : माय आणि लेकरं तालुक्याला खोली करून, बाप आणि म्हातारे गावात. भाजी, डाळ, ज्वारी एसटीनं डब्यात येते. लोक याला तात्पुरतं म्हणतात आणि त्यात दहा वर्षं जातात. त्यावर मी काही बोलत नाही. ज्याच्या घरात जे जमतं ते त्यानं करावं. पण चौदा किलोमीटरसाठी आणि गाडी दारात येत असताना घर घेणं मला पटत नाही. चाळीस किलोमीटर असेल आणि मधे जंगल असेल तर गोष्ट वेगळी. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. डिसेंबरात पाचला शाळा सुटून सायकलनं जंगलातून येणाऱ्या लेकराची वाट बघणं काय असतं ते तिकडच्या मायबापांनाच माहीत, आणि तिथे रस्त्याकाठच्या गावातल्या खोलीला जास्त भाडं पडलं तर ते कोणी महाग म्हणत नाही.

एसटी असली की भाव जास्त, हे अजूनही खरं आहे का? आता तर सगळ्यांकडे गाड्या आहेत.

पोरींसाठी खरं आहे. मोटारसायकल घरातल्या पुरुषाकडे असते. पाचवीच्या पुढे मुलीची शाळा चालू राहील की नाही, हे कित्येक गावांत एसटीच ठरवते. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी चालतात आणि त्यात विदर्भातले बरेच तालुके येतात. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे मायलाही आठवड्यातून दोनदा तालुक्याला येणं परवडतं.

घर बघताना वेळापत्रक नका विचारू, मुक्कामी गाडी आहे का ते विचारा. रात्री गावात थांबणारी आणि पहाटे निघणारी. ज्या गावाला मुक्कामी आहे तिथल्या मुलांना सकाळचं कॉलेज आणि शिकवणी गाठता येते. नसेल तर पहिली गाडी साडेनऊला, आणि दोन तास बुडाले. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा गाडी कुठली, हेही विचारा. ते कोणी सांगत नाही.

समृद्धीजवळ प्लॉट घ्यावा काय? लेकरायले नागपूरले शिकवता येईन म्हणे.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. आपल्याकडे नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. दलाल नकाशा दाखवताना बोटानं रेघ ओढतो आणि म्हणतो, प्लॉट महामार्गाला लागून.

लागून असण्याचा उपयोग शून्य. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, चढता-उतरता येतं ते फक्त इंटरचेंजवर. शेलूबाजार, मेहकर, धामणगाव अशा ठरलेल्या ठिकाणी. इंटरचेंज वीस किलोमीटर लांब असेल तर तुम्हाला फक्त गाड्यांचा आवाज मिळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : दुचाकीला परवानगीच नाही. ज्या माणसाचं सगळं अपडाऊन मोटारसायकलवर आहे, त्याच्यासाठी तो रस्ता असून नसल्यासारखा. कार असेल तर १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २.०६ रुपये टोल. रोज जाऊन-येऊन ८० किलोमीटर धरले तर १६५ रुपये, महिन्याचे २५ दिवस गेलात तर चार हजारांवर, पेट्रोल वेगळं.

रोजच्या माणसाचा भाव साध्या दुपदरी डांबरी रस्त्यानं वाढतो. पूल झाला, खड्डे बुजले, काळी-पिवळी सुरू झाली की तीन महिन्यांत भाडी हलतात. त्याचा फलक कोणी लावत नाही एवढंच.

आणि रेल्वे, मेट्रो?

आलेली मोजा, येणारी मोजू नका. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर वर्धा ते कळंब गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्या मार्गाची आशा दाखवून जमिनी विकायला सुरुवात मात्र कितीतरी आधी झाली होती. नागपूर-नागभीडची छोटी लाईन मोठी करायला नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हापासून त्या रेल्वेवर शिकणारी उमरेड-भिवापूरकडची पोरं रस्त्यावर आली, म्हणजे बसवर. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि बुटीबोरी, कन्हानकडे प्लॉटच्या जाहिरातीत मेट्रोचं चित्र लगेच आलं. रेल्वे येणं चांगलंच, पण तुमची पोरगी आज पाचवीत आहे.

ले-आउटच्या नकाशात 'प्रस्तावित शाळा' लिहिलेलं आहे. हे पक्कं समजायचं का?

नाही. नकाशावरचा तो चौकोन म्हणजे राखून ठेवलेली जागा. तिथे शाळा कोण काढणार, कधी काढणार, हे लिहिलेलं नसतं.

उघडलेली शाळा असली तरी दोन गोष्टी विचारा. यू-डायस, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक काय? तो अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रात २७ पासून सुरू होतो. आणि मान्यता कोणत्या वर्गापर्यंत? पाटीवर 'नर्सरी ते दहावी' आणि मान्यता पाचवीपर्यंत, असं चालतं. मग मुलांची नावं दुसऱ्याच शाळेच्या हजेरीत असतात. इमारत भाड्याची आहे का तेही बघा. भाड्याची शाळा उठून बायपासच्या दुसऱ्या टोकाला गेली, की शाळेसाठी जास्त पैसे देऊन घेतलेल्या प्लॉटचं काय होतं ते सांगायला नको.

कागद कोणकोणते बघायचे?

याचं पूर्ण उत्तर इथे मावणार नाही, पण विदर्भात जिथे जास्त फसतात तेवढं सांगतो.

सातबारा स्वतः काढा, दलालाच्या मोबाइलमधला फोटो बघू नका. भोगवटदार वर्ग-१ आहे की वर्ग-२ ते बघा. वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीवाचून घेताच येत नाही. 'आपण नुसती सौदाचिठ्ठी करू, रजिस्ट्री नंतर' असं कोणी म्हणालं तर उठून या. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाटात असे सौदे करून बसलेले लोक मला माहीत आहेत. त्यांच्याकडे ना जमीन आहे ना बयाणा.

नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाची नोंद बघायची. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं सांगितलं. हे क्षेत्र ८६ हजार हेक्टरांच्या वर आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी वाटप झालेल्या जागांसाठी वेगळा मार्ग ठेवला आहे, पण आज कोणी अशा जमिनीवर नवीन प्लॉट विकत असेल तर घेऊ नका, शाळा समोर असली तरी. (शाळाही कधी कधी त्याच जमिनीवर असते.)

तालुक्याच्या जुन्या वस्तीत, बस स्टँड आणि जुन्या हायस्कूलच्या आसपास, नझूल प्लॉट निघतात. ती सरकारी जमीन पट्ट्यानं दिलेली. पट्टा संपला का, नूतनीकरण झालं का, हे भूमी अभिलेख कार्यालयात समजतं.

नागपूरच्या आसपास एन.ए.टी.पी. आणि आर.एल. हे शब्द ऐकू येतात. एन.ए.टी.पी. म्हणजे अकृषिक आणि नगररचना विभागानं नकाशा मंजूर केलेला. आर.एल. म्हणजे 'रिलीज लेटर', हे प्राधिकरणाचं पत्र. जाहिरातीत शब्द असला म्हणजे हातात कागद आहे असं होत नाही. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि तुमचा प्लॉट क्रमांक त्यात शोधा. मग जागेवर जाऊन चतुःसीमा ताडा : पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता किती फुटांचा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कागदात पश्चिमेला ३० फुटांचा रस्ता होता आणि मोक्यावर त्या जागी एक शंभर वर्षांचं कडुनिंबाचं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला दगड. तो रस्ता होणार नव्हता हे कळायला वकील लागत नाही.

गावठाणातलं घर घेतो. विकणाऱ्याकडे नमुना ८ आहे. बँक कर्ज देईन ना?

नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा. तलाठ्याचा ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हींत गल्लत करू नका. कर भरणारा म्हणजे मालक असं कायदा म्हणत नाही, म्हणून नुसत्या नमुना ८ वर बँका हात आखडता घेतात. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिल्या गेल्या. ती असेल तर काम सोपं. ती नसेल तर गावठाणातलं घर कर्जाला चालत नाही, म्हणून ते स्वस्त. आणि स्वस्त म्हणून त्याचं गिऱ्हाईक फक्त रोख देणारं. शाळा कितीही चांगली असली तरी ही साखळी तुटत नाही.

आमच्या गावची शाळा बंद पडली तर घराची किंमत पडेल का?

पडते, पण शाळा बंद व्हायच्या आधीच पडायला लागलेली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पाच वर्ग, दोन मास्तर, त्यातला एक मीटिंगला. हे बघून ज्याला जमतं तो पोराला तालुक्याला हलवतो. पट कमी होतो. संच मान्यतेत, म्हणजे पटावरून मास्तरांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं. मग उरलेल्यांपैकी आणखी चार जण हलतात.

मला यात एक गोष्ट खटकते. गाव सोडणारा माणूस सगळ्यांत आधी शाळेला नावं ठेवतो, पण तालुक्याच्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये तो पोराला टाकतो तिथे शिकवणारी मुलगी कित्येकदा त्याच्याच गावातून अपडाऊन करणारी असते, सहा-सात हजारांवर. गावच्या शाळेतले दोघे मास्तर परीक्षा देऊन लागलेले असतात. घर हलवायच्या आधी शाळेत जाऊन लेकराची वही बघा. दोन्हीकडची.

घर शोधायचा चांगला महिना कोणता?

भाड्यासाठी एप्रिल. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या नंतर उघडतात, २०२५ मध्ये तिकडे १६ जून आणि इकडे २३ जून होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी तहसील खोली शोधत फिरते, तेव्हा घरमालक म्हणेल ते भाडं.

विकत घ्यायचं असेल तर कापूस-सोयाबीनच्या पैशाच्या दिवसांत घेऊ नका. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत प्लॉटवाले गावोगाव चारचाकी घेऊन फिरतात, मोफत नेतात, मोफत जेवू घालतात. पेरणीच्या तोंडावर, जूनमध्ये, कोणाच्या हातात पैसा नसतो. तेव्हा भाव बोलता येतो.

आणि प्लॉट बघायचा तो ऑगस्टमध्ये, पायी. काळ्या मातीत रस्ता आहे की चिखल ते तेव्हाच कळतं. शाळा आणि प्लॉट यांच्या मध्ये नाला असेल तर पुराच्या दिवशी गाडी अलीकडेच थांबते आणि लेकरं घरी राहतात. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. मुरूम लागेपर्यंत पाया खोदून कॉलम घ्यावे लागतात, नाहीतर दोन वर्षांत भिंतीला तडे. फुटामागे शंभर रुपये स्वस्त मिळालेला प्लॉट पायातच ते पैसे परत घेतो.

घर बायकोच्या नावानं घेतलं तर काही सूट आहे?

आहे. १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या एकटीच्या नावानं निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. सूट घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. आणि नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की जाते. नोंदणी फी वेगळी, १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार. खरेदीच्या दिवशी दोन साक्षीदार, आधार आणि पॅन घेऊन सकाळी दहाला या. दुपारनंतर सर्व्हर हळू चालतो.